नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

मोटारीतलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. उभ्या आयुष्यात माझ्या मालकीचं स्वयंचलित वाहन झालं ते एकच, आणि ती होती स्कूटर. ‘स्वयंचलित’ हा शब्दही तिच्या बाबतीत सौजन्यापोटीच वापरायचा. कारण सकाळी तिला एका कुशीवर कलंडवून, पुन्हा उभी करून, वर आठ-दहा किका मारल्याशिवाय ती स्वतः म्हणून कधी चालली नाही. मोटारीत बसलो तो कायम दुसऱ्यांच्या, आणि तोही मागच्या सीटवर मधोमध, त्या उंचवट्यावर पाय आखडून. तेव्हा पोर्शे ९११ नावाच्या जगप्रसिद्ध वेगवान मोटारीनं रूप पालटलं की तिचे भक्त जो आकांत करतात, त्यावर मी चार शब्द लिहावेत हे म्हणजे ब्रह्मचाऱ्यानं बाळंतविड्यावर लिहिण्यासारखंच आहे. पण त्या आकांताच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो मोटारीचा नाही. आपल्याला आवडणारी गोष्ट आपल्याला न विचारता बदलली, तर रागावण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असा तो प्रश्न आहे. आणि रागावण्याचा अनुभव मला भरपूर आहे.

त्याचं असं झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता जर्मनीत, स्टुटगार्टला मुलीकडे गेलो होतो. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे म्हणे. पुणेकर असल्यामुळे मुंबईच्या नातेवाइकांकडे मी जरा बेतानंच जातो, पण इथं पोटची मुलगी असल्यामुळे इलाज नव्हता. विमानतळावर ती घ्यायला आली आणि मी तिला ओळखलंच नाही. कमरेपर्यंत जिची वेणी होती तिचे केस मानेच्याही वर आले होते. घरी पोचेपर्यंत ती गाडी चालवत चालवत मागच्या सीटवरल्या नातवाशी जर्मनमधून बोलत होती आणि तोही तिला फटाफट उत्तरं देत होता. रात्री झोपताना मी हिला म्हणालो, “ही काही आपली नंदू नव्हे.” जर्मन घरांच्या भिंती मजबूत असतात असं मी ऐकलं होतं. तेवढ्या त्या नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे जरा आवाज करून ठेवला गेला. त्यानंतर चार दिवस घरात सगळं व्यवस्थित होतं. म्हणजे किती वाईट होतं, ते संसारी वाचकांना सांगायला नको.

म्हातारा घरात नको म्हणूनच बहुधा, जावयांनी मला एका रविवारी शेजाऱ्यांच्या ताब्यात दिलं आणि स्वतः दुभाष्या म्हणून बरोबर आले. शेजारी म्हणजे छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांच्या गॅरेजात १९९५ सालची एक ९११ होती. जर्मन लोक तिला लाडानं ‘एल्फर’, म्हणजे ‘अकरावाली’ म्हणतात. आजोबांनी आधी आच्छादन काढलं. मग आच्छादनाखालची दुलई काढली. मग एका मऊ फडक्यानं, नसलेली धूळ पुसली. आमच्याकडे गणपतीलासुद्धा इतकं होत नाही. मग त्यांनी डाव्या हातानं किल्ली फिरवली (या गाडीत किल्ली डावीकडे असते, आणि ती तिथं का आहे यावर ते अर्धा तास बोलू शकतात), आणि गॅरेजात जो आवाज घुमला तो ऐकून मला भरून आलं. थेट आमच्या पेठेतल्या पिठाच्या गिरणीचा आवाज! आजोबांनी डोळे मिटून विचारलं, “कसा आहे?” मी जावयांना म्हटलं, गिरणीचं भाषांतर करू नका, नुसतं ‘घरच्यासारखं वाटलं’ म्हणून सांगा.

त्यांच्या मते खरी एल्फर १९९८ साली वारली. त्यानंतर त्या नावानं जे हिंडतंय ते तोतये.

आता हा १९९८ सालचा मृत्यू काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. फ्रेंच पूजो कंपनीनं हरकत घेतली, की मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर ही आमची वहिवाट आहे. मग ९०१ ची ९११ झाली. म्हणजे बारशालाच भांडण! फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी तिला रूप दिलं. बेडकासारखे वर आलेले गोल दिवे, मागे उतरत गेलेली पाठ. आणि इंजिन कुठं, तर मागच्या चाकांच्याही मागे, जिथं शहाणा माणूस डिकी ठेवतो तिथं. हे इंजिन पाण्यानं नव्हे, पंख्याच्या वाऱ्यानं थंड व्हायचं. चौतीस-पस्तीस वर्षं हा वारा पुरला. पुढे धुराचे आणि आवाजाचे कायदे कडक होत गेले. जास्त ताकद आणि स्वच्छ धूर हवा तर इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्याला दोनच्या जागी चार झडपा हव्यात, आणि चार झडपांची ती गर्दी नुसत्या वाऱ्यानं निवत नाही. तिथं पाणी खेळवावं लागतं. शिवाय सभोवती पाणी असलं की आवाजही दबतो. हे मला जावयांनी स्वैपाकघरातल्या चहाच्या भांड्यावर फुंकर मारून आणि मग ते नळाखाली धरून समजावलं.

तर १९९७ साली नवी एल्फर आली ती पाण्याची. कारखान्याच्या हिशेबात तिचा नंबर ९९६. भक्तांचं निम्मं काळीज तिथंच फुटलं. उरलेलं निम्मं दिव्यांनी फोडलं. त्या वेळी कंपनीचे दिवस वाईट होते. नव्वदीच्या सुरुवातीला विक्री इतकी उतरली होती की दुकान राहतंय की जातंय अशी पाळी आली होती. म्हणून नव्या कारभाऱ्यांनी काटकसर केली. १९९६ साली बॉक्स्टर नावाची धाकटी, स्वस्त गाडी आणली होती. तिचंच नाकडोळं या थोरलीलाही बसवलं. एकाच ताग्यातली साडी थोरल्या सुनेला आणि धाकट्या सुनेलाही! घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शिवाय ते नवे दिवे गोल नव्हते. पांढऱ्या काचेच्या तळाशी वळणाचा नारिंगी दिवा असा ओघळलेला, की लोकांनी त्याला ‘अंड्याचा हाफ-फ्राय’ म्हणायला सुरुवात केली. साठ सालांतली सुंदरी पन्नाशीकडे झुकताना डोळ्यांत अंडी घेऊन आली, असं त्यांना वाटलं. आमच्या शेजारच्या आजोबांनी ती प्रथम दुकानाच्या काचेतून पाहिली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. ही हकीकत त्यांच्या पत्नीनं सांगितली, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही कौतुकाची छटा नव्हती.

आजोबा मला घेऊन गेले ते शहराबाहेरच्या एका पार्किंगच्या मैदानावर. दर रविवारी सकाळी तिथं एल्फरवाले जमतात, एकमेकांच्या गाड्यांभोवती प्रदक्षिणा घालतात, कॉफी पितात आणि नव्या मॉडेलला शिव्या देतात. त्या आठवड्यात ताजा विषय होता. मे महिन्यात कंपनीनं पहिली हायब्रीड एल्फर जाहीर केली होती. म्हणजे पेट्रोलच्या जोडीला विजेची मोटर. किल्लीच्या जागी बटण. आणि मधोमध जे काट्याचं घड्याळ साठ वर्षं इंजिनाचे फेरे दाखवत आलं, त्याच्या जागी सबंध पडदा. मैदानावर सुतक होतं. एक गृहस्थ तर म्हणाले, “आता ही गाडी नव्हे, हा टीव्ही.”

मला एकदम चेतक आठवली. २०२० साली चेतक नावाची स्कूटर विजेवर चालणारी होऊन पुन्हा आली, तेव्हा पेपरातला फोटो पाहून मी घरात असाच ओरडलो होतो, “किक नाही, कलंडवणं नाही, ही कसली चेतक?” त्यावर हिनं शांतपणे विचारलं होतं, “तुम्ही घेणार होतात का?” मी घेणार नव्हतो. माझी जुनी तर मी कैक वर्षांपूर्वी भंगारात घातली होती. पण दुःख खरं होतं, हे मी शपथेवर सांगतो. न घेणाऱ्याचं दुःख हे फार शुद्ध असतं. त्यात हप्त्यांची भेसळ नसते.

मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांची गोष्ट पाली ग्रंथात आहे. राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारलं, रथ म्हणजे काय? दांडी? नाही. आस? नाही. चाकं? नाही. हे सगळं मिळून? तेही नाही. मग रथ कुठाय? रथ हे निव्वळ नाव आहे, या सुट्या भागांच्या मांडणीला दिलेलं. मी मैदानावर हे जावयांकरवी सांगून पाहिलं. एल्फरवाल्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि एकानं विचारलं, “त्या रथाला थंड कशानं करायचे?” मी म्हटलं, वाऱ्यानंच. “मग तो रथ होता,” असा निवाडा मिळाला.

मग मला एक खोडी सुचली. मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारत सुटलो. खरी एल्फर कोणती? आणि तुम्ही एल्फर पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा तुमचं वय काय? एकाच्या मते १९७३ पर्यंतचीच खरी. कारण पुढे अमेरिकन कायद्यासाठी तिला ते पेटीच्या भात्यासारखे रबर लावलेले जाड बंपर बसवले. हा अकरा वर्षांचा असताना त्याच्या मामाच्या लग्नात बंपराआधीची एक आली होती. दुसऱ्याला नेमकी ते भाते लावलेलीच खरी वाटत होती. त्याच्या दारासमोर, तो दहाचा असताना, दंतवैद्याची तसली उभी असे. तिसरा पस्तिशीचा. त्याला २०११ च्या मॉडेलपासून तिटकारा, कारण तिथं सुकाणूला विजेची मदत आली आणि रस्त्याचे खडे हाताला लागेनासे झाले. चौथ्याला २०१५ चा राग, कारण साध्या मॉडेललाही टर्बो बसवला. प्रत्येकाची खरी गाडी त्याच्या बाराव्या वर्षाच्या आसपास तयार होत होती आणि त्याला नोकरी लागल्यावर बिघडत होती. मला वाटलं, झालं, सापडलं गणित! ह्यांचं प्रेम गाडीवर नाहीच, आपल्या अर्ध्या चड्डीवर आहे.

एवढ्यात खुर्चीवर बसलेले एक अगदी पिकलेले गृहस्थ काठी वर करून काहीतरी पुटपुटले आणि सगळे गप्प झाले. जावयांनी भाषांतर केलं: “एल्फर हीच मुळात थेर आहे. खरी पोर्शे म्हणजे ३५६.” ती १९४८ पासूनची, चार नळकांड्यांची. तिच्या जागी ही सहा नळकांड्यांची, लांब, महाग एल्फर आली तेव्हा यांना ती श्रीमंतांची फॅशन वाटली होती. आमचे शेजारी आजोबा कॉफीच्या कपात बघत राहिले. शुद्धतेची ही एक अडचण आहे. आपल्यापेक्षा सोवळा कुणीतरी कोपऱ्यात बसलेला असतोच.

तरीसुद्धा या हट्टी मंडळींना मी साफ वेड्यात काढणार नाही. घरी परतताना जावयांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्यांनी माझं गणित जरा चुकवलं. १९७७ साली कंपनीनंच ९२८ नावाची गाडी काढली. पुढे इंजिन, त्यात आठ नळकांडी, आणि पाणी. ही एल्फरची जागा घेणार आणि एल्फर निवृत्त होणार, असा बेत होता. पण गिऱ्हाईक काही एल्फर सोडीना. १९८१ साली पीटर शुट्झ नावाचे नवे प्रमुख आले. ते स्वतः सांगत, की एका अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. इतर गाड्यांच्या रेघा पुढे गेलेल्या आणि एल्फरची रेघ १९८१ ला थांबलेली. त्यांनी पेन घेतलं आणि ती रेघ तक्त्यावरून भिंतीवर, भिंतीवरून दाराबाहेर ओढत नेली. ९२८ मात्र १९९५ ला बंद पडली. दुसरी गोष्ट अलीकडची. २०१३ साली जीटी३ नावाची जहाल एल्फर फक्त आपोआप बदलणाऱ्या गिअरची काढली. भक्तांनी एवढा गिल्ला केला, की हाताच्या गिअरची ९११-आर ही खास गाडी २०१६ साली काढावी लागली, मोजून ९९१ नग. आणि पुढल्या वर्षी जीटी३ लाही हाताचा गिअर परत मिळाला. अंड्यांचे डोळेसुद्धा २००४ च्या मॉडेलला पुन्हा गोल झाले. म्हणजे कुरकुर करणाऱ्यांनी कुरकुर केली नसती तर एव्हाना एल्फर उरली नसती, किंवा उरली तरी कुणी वळून पाहिलं नसतं. आणि याच्या उलटही खरं आहे: नव्वदीत नुसते उसासे टाकून कारखान्याचे पगार निघत नव्हते. ते निघायला मदत झाली ती त्या नाक-डोळे उसने घेतलेल्या पाण्याच्या गाडीची. पावणेदोन लाख निघाल्या तसल्या. जिला तोतया म्हटलं तिनं घर चालवलं.

मैदानावरचा एक माणूस सांगायचा राहिला. तो अगदी टोकाला, कचरापेटीजवळ गाडी लावून उभा होता. शाळेत मास्तर. गाडी १९९९ ची, तीच, हाफ-फ्रायवाली. येणारा-जाणारा “न्याहारी झाली का?” म्हणून विचारी आणि तो हसून मान हलवी. मी त्याला माझे दोन प्रश्न विचारले. तो म्हणाला, “नऊ वर्षांचा असल्यापासून मला एल्फर हवी होती. कुठलीही. मास्तराच्या पगारात ह्यांच्यातली एकही येत नाही. हिला सगळ्यांनी इतकी नावं ठेवली की ही सर्वांत स्वस्त झाली, तेव्हा माझ्या दारात आली.” मग तो मंडळींकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “माझी विनंती आहे, आणखी दहा वर्षं ठेवा. मला मुलासाठी एक घ्यायचीय.” सगळे खदखदून हसले. आमचे आजोबाही हसले. पण त्या मास्तरानं आपल्या गाडीच्या दिव्यावर जो हात ठेवला होता, तो हसताना काढला नाही. तो हात मला परतीच्या वाटेवर दिसत राहिला.

आपल्याकडे नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. एका अनुस्वाराचा फरक. नाव ठेवायच्या आधी हवं ते सुचवावं, भांडावं, पूजोवाल्यांसारखी हरकत घ्यावी. तिथं आवडीला हक्क आहे, असं मला वाटतं. पण घुगऱ्या वाटून झाल्यावर, मूल पाळण्यात हातपाय हलवत असताना, ‘हे आमच्यातलं दिसत नाही’ म्हणणारी जी आत्या असते, तिचं प्रेमही खरंच असतं की. मी चार दिवसांपूर्वी आत्याच झालो होतो. आणि तेही भिंतीपलीकडून.

घरी आलो तेव्हा नंदू एकटीच स्वैपाकघरात होती. थालीपिठाची भाजणी संपली होती म्हणून तिनं तिकडचं राईचं पीठ घेतलं होतं, त्यात कांदा-कोथिंबीर घालून ती तव्यावर थापत होती. मी पाटाच्या जागी असलेल्या त्या उंच स्टुलावर चढून बसलो आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे मैदानावरची सगळी हकीकत सांगितली. अंडी, मास्तर, काठीवाले आजोबा, सगळी. ती हसली. मग उलथनं हातात तसंच धरून म्हणाली,

“बाबा, मी अकरा वर्षं इथं आहे. तुम्ही मला दोन-तीन वर्षांतनं एकदा बघता. मधली मॉडेलं तुम्ही पाहिलीच नाहीत.”

मी म्हटलं, “खरंय.”

“केस तर चार वर्षं झाली कापून. याच्या वेळी बाळंतपणात फार गळायला लागले होते. तुम्हाला व्हिडिओवर दिसू नये म्हणून मी ओढणी घेऊन बसायची.”

चार वर्षं! आणि मी हिला दर रविवारी म्हणत असे, की तिकडे जाऊनही पोरीनं ओढणी सोडली नाही हो. मी काही बोललो नाही. तव्यावरचं थालीपीठ तिनं माझ्या ताटात टाकलं, वर लोणी घातलं. रंगानं ते जरा काळपट होतं आणि मधलं भोक पाडायला ती विसरली होती.

“कसं झालंय?”

“आपल्यासारखं नाही झालं.”

“म्हणजे वाईट?”

“मी तसं म्हटलं का?” मी म्हटलं. “आणखी एक टाक. आणि या वेळी भोक पाड.”